डहाणू लोकल आणि इतर वेळापत्रकं

डहाणूत दोन वेळापत्रकं अशी आहेत की ज्यांवर गावातला कुणीही शहाणा माणूस विसंबत नाही. एक पश्चिम रेल्वेचं आणि दुसरं परीक्षा जवळ आलेल्या मुलाचं. त्यातल्या त्यात रेल्वेचं बरं. गाडी लेट झाली तर फलाटावर एक बाई तीन भाषांत दिलगिरी तरी व्यक्त करते. मुलाच्या वेळापत्रकाबाबत दिलगिरीची प्रथा नाही. ते बिघडलं की नवीन केलं जातं, एवढंच.

वेळापत्रक करणं हा अभ्यासातला सर्वात आनंदाचा भाग. त्याला पूर्ण दिवस लागतो. ड्रॉइंग पेपर येतो, पट्टी येते, धाकट्या बहिणीची स्केचपेनं जप्त होतात. अकाउंट्सला लाल, इकॉनॉमिक्सला निळा, आणि फाउंडेशन कोर्सला जो रंग उरला असेल तो. पहिली ओळ ‘पहाटे ४.३० – उठणे’ अशी असते. लिहिणाऱ्यानं पहाटेचे साडेचार आजवर पाहिलेले असतात ते झोपायला जाताना. जेवणाला पंधरा मिनिटं दिलेली असतात, आणि तीही अशा गावात जिथे ताजा बोंबील आला तर बँकेतला माणूससुद्धा घड्याळाकडे पाहत नाही. शेवटी कपाटाच्या दारावर सेलोटेपनं ते चिकटवलं जातं, आई शेजारच्या काकूंना बोलावून दाखवते, काकू स्वतःच्या मुलाकडे एकदा बघतात, आणि दिवस सार्थकी लागतो. तिसऱ्या दिवशी मंगळवारचा निळा रकाना शुक्रवारवर ढकलला जातो. आठवड्याच्या शेवटी पुन्हा ड्रॉइंग पेपर.

डहाणू-तलासरीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. त्यामुळे हा ताप वर्षातून दोनदा येतो, एकदा दिवाळीच्या आगेमागे आणि एकदा ऐन उन्हाळ्यात. पेपर पंचाहत्तर गुणांचा धरला तर वेळ अडीच तास, पास व्हायला चाळीस टक्के, म्हणजे ३० गुण. हा तीसचा आकडा विद्यार्थ्याच्या मनात फार लवकर घर करतो. उरलेल्या पंचेचाळिसांकडे तो परक्याच्या इस्टेटीकडे पाहावं तसं पाहतो.

मराठी विद्यार्थ्यानं परीक्षाशास्त्राला दिलेली सर्वात मोठी देणगी म्हणजे धडा ‘ऑप्शनला टाकणं’. पाच घटक असतात, त्यातले दोन ऑप्शनला जातात. कोणते दोन, हे ठरवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात त्यातला एक वाचून झाला असता, पण मग मजा काय? मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पसरल्या जातात. एक म्हणतो, “गेल्या वर्षी आलाय, म्हणजे यंदा येत नाही.” दुसरा म्हणतो, “सलग दोनदा आलाय, म्हणजे सरांचा लाडका आहे, येणारच.” दोघंही संख्याशास्त्राचे विद्यार्थी असू शकतात. मग ‘आय.एम.पी.’, म्हणजे हमखास येणार असं समजलं जाणारं, ते येतं. शेवटच्या तासाला सर दाराकडे जाता जाता म्हणतात, “एकदा बघून घ्या.” ते पंख्याच्या बटणाबद्दल बोललेले असतात. पण तासाभरात ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून चिंचणीपासून अच्छाडच्या नाक्यापर्यंत पोहोचते, आणि तिथे पोहोचेस्तोवर तिचं ‘चौथा घटक, पंधरा मार्क, सरांनी स्वतः सांगितलंय’ असं झालेलं असतं.

पेपरला चौथा घटक आला नाही तर दोष सरांना. आला तर हुशारी स्वतःची.

आता प्रत्यक्ष अभ्यास. म्हणजे हायलायटर. ओळ महत्त्वाची वाटली की पिवळी करायची, हा नियम. पहिल्या पानावर तीन ओळी पिवळ्या होतात, दुसऱ्यावर परिच्छेद, आणि पाचव्या पानावर जे पिवळं राहिलेलं नाही तेच नजरेत भरतं. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धती घेऊन त्यांवरचं संशोधन चाळून काढलं. खाली रेघा मारणं, रंगवणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं या पद्धती अगदी तळाला निघाल्या. वर दोनच टिकल्या: पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा करून बऱ्याच दिवसांवर पसरवणं. यात हायलायटर विकणारा सोडला तर कुणाचंच नुकसान नव्हतं, तरी विद्यार्थीवर्गानं या निष्कर्षाची दखल घेतलेली नाही.

तेच पान चौथ्यांदा वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, गडबड तिथेच होते. रोज आठ वाजताच्या गाडीला फलाटावर दिसणारा माणूस ओळखीचा वाटतो. त्याचं नाव विचारा, सांगता येत नाही. पानाचंही तसंच. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्यानं एकदाच अभ्यासला आणि मग तीनदा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणारे ४० वर आले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. म्हणजे परीक्षा केंद्राच्या पायऱ्यांवर बसून, घंटा होईस्तोवर गाईड डोळ्यांसमोर धरणाऱ्यांना शास्त्रीय आधार आहे. पेपर पाच मिनिटांवर असेल तर पुन्हा वाचणं उत्तम. फक्त तेवढ्यात एक उतारा होतो, सेमिस्टर होत नाही.

पसरवून अभ्यास करण्याचं शास्त्र तर याहून जुनं. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन गृहस्थानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली त्याचं पुस्तक काढलं. पाठांतरात अर्थाची मदत होऊ नये म्हणून त्यानं निरर्थक अक्षरसमूह तयार केले, सुमारे तेवीसशे, आणि ते वर्षानुवर्षं पाठ केले. (आपल्याकडे पहिल्या वर्षाचं कोणतंही गाईड उघडलं असतं तर त्याचे कष्ट वाचले असते.) त्याला दिसलं ते असं की पाठ केलेलं सर्वात झपाट्यानं विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत, आणि एका बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा तीच मेहनत वेगवेगळ्या दिवसांवर वाटली तर कमी घोकावं लागतं.

आता गंमत अशी, की डहाणू-तलासरीतल्या मुलाला एकाच बैठकीत अभ्यास करण्याची सोय मुळात कुणी ठेवलेलीच नाही. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या टॉपरच्या मुलाखतीत एक स्वतंत्र खोली असते, टेबल असतं, टेबललॅम्प असतो आणि घरातले टीव्ही बंद ठेवतात. इथे चिकूवाडीत राहणाऱ्याच्या कानावर खोकी ठोकण्याचा आवाज, बंदराकडच्या घरात माणसांचा राबता, आदिवासी विकास प्रकल्पाच्या वसतिगृहात एका खोलीत जितके पलंग तितक्या मोबाइलच्या रिंगटोन. आतल्या पाड्यावरच्या मुलीला पुस्तक उघडायच्या आधी पाणी भरावं लागतं आणि मिटल्यावर चूल पेटवावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीकडच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. पुढे महिनोन्‌महिने घराबाहेर, तंबूत झोपणाऱ्या कुटुंबांत परीक्षेची मुलंही होती. त्यांना शांत खोलीचं महत्त्व सांगायला जाणारा माणूस धीट म्हणायचा.

तेव्हा इथला अभ्यास तुकड्यातुकड्यांनीच होतो. मूल त्याबद्दल खंत करतं, पालक खंत करतात, आणि एबिंगहाऊस असता तर त्यानं टाळी दिली असती. अर्थात एसटी न येणं ही काही अध्यापनपद्धती नव्हे, आणि गैरसोयीची आरती कुणी ओवाळू नये. पण वीस वीस मिनिटांचे जे तुकडे अपघातानं हाती येतात ते वाया गेलेले नाहीत, एवढं त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं.

यातला सर्वात मोठा तुकडा रेल्वे देते. मुंबईची उपनगरी लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली. विरारहून डहाणू ६४ किलोमीटर. या मार्गावर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, तोवर दोनच मार्गिका, आणि राजधानी-वंदे भारत या थोरामोठ्यांच्या गाड्या पुढे काढायच्या म्हणजे लोकलनं बाजूला उभं राहायचं. पालघरच्या सोनोपंत दांडेकर कॉलेजला किंवा थेट वसई-विरारला जाणारी मुलं या डब्यात असतात. दारात उभं राहून पुस्तक उघडता येत नाही, कारण हात वर अडकलेला असतो आणि पुस्तक पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि सॅक दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटाशी. मग तोंडी सुरू होतं.

“मागणीचा नियम सांग.”

“किंमत वाढली की मागणी घटते.”

“अपवाद?”

“गिफेन वस्तू.” मग बराच वेळ शांतता. “आणि… थांब, सांगू नको.”

“सोनं,” असं मध्येच एक मासळीच्या पाट्या घेऊन बसलेली मावशी म्हणते. “भाव चढला की माणसं जास्तीच घेतात रे बाबा.” ती बाजारात बसते, तिला गाईड लागत नाही. उत्तर तर्काला धरून असतं आणि त्या मुलाला ते जन्मभर विसरता येत नाही. वर उल्लेखलेल्या प्रयोगांतून जी पद्धत सिद्ध झाली ती हीच: पुस्तक बंद, प्रश्न समोर, आणि ‘थांब, सांगू नको’ म्हणत घालवलेली ती अवघड मिनिटं. घरी मात्र हीच मुलं सांगतात, “आज प्रवासात गेला दिवस, अभ्यास झालाच नाही.”

या मार्गाचा आणखी एक उपयोग आहे, तो प्राचीन ग्रीकांनी सांगून ठेवलाय. लक्षात ठेवायच्या गोष्टी ओळखीच्या जागांवर ओळीनं मांडून ठेवायच्या आणि मनानं त्या वाटेवरून चालत जायचं. या युक्तीचं श्रेय सिमोनिडीस नावाच्या कवीला देतात. वाणिज्य शाखेचा हाडवैरी म्हणजे आंरी फायोल, आणि त्याची १९१६ सालची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं. ती पाठ होतात, पण क्रम लागत नाही आणि अकरावं हमखास गळतं. विरारहून गाडीत बसवली तर बसतात.

विरार: कार्यविभागणी, कारण इथे निम्मे लोक चढण्याचं काम करतात आणि निम्मे न उतरू देण्याचं. वैतरणा: अधिकार व जबाबदारी, पुलावर आलेल्या गाडीत दोन्ही मोटरमनकडे. सफाळे: शिस्त, याबद्दल काही न बोललेलं बरं. केळवे रोडला समुद्रावर सहलीला आलेला घोळका उतरतो आणि त्यातले चौघं चार रिक्षा ठरवतात. तिथे आदेशातली एकवाक्यता. पालघर हे जिल्ह्याचं ठिकाण, सकाळी सगळा डबा एकाच दाराकडे तोंड करून उभा, म्हणून दिशेची एकवाक्यता. उमरोळीला वैयक्तिक हितापेक्षा सामूहिक हित, म्हणजे तीन जणांच्या बाकावरचा चौथा. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत, तेव्हा मोबदला आपोआपच आला. वाणगावला मिरची: सगळ्या शेतांची एका टेम्पोत, केंद्रीकरण. डहाणू रोडला अधिकाराची साखळी, आणि ती उगाच ओढू नये.

इथे लोकल संपते आणि तत्त्वं पाच उरतात. हरकत नाही, वलसाडकडे जाणारी गाडी पकडायची. घोलवड: सुव्यवस्था, आकारानुसार खोक्यांत ओळीनं लावलेले चिकू, त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. पुढे बोर्डी रोडला समता. अकरावं, गळणारं, म्हणून या स्टेशनावर जरा जास्त वेळ थांबावं. उंबरगावला नोकरीचं स्थैर्य: रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण इथेच झालं, आणि चौदा वर्षांच्या वनवासाइतकी शाश्वत नेमणूक आता सरकारातही मिळत नाही. संजाण म्हणजे पुढाकार, कारण समुद्रापलीकडून येऊन पारशी इथे उतरले. आणि भिलाड: संघभावना. एव्हाना डब्यातली सगळी मुलं तिकीट तपासनीस येतोय का ते मिळून बघत असतात.

या पद्धतीनं चौदा नावं मिळतात, नावांखालचं स्पष्टीकरण मिळत नाही. परीक्षक स्टेशनांना गुण देत नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या कुणीतरी उत्तरपत्रिकेत ‘सातवं तत्त्व: बोईसर’ असं लिहिल्याची कथा कॉलेजात सांगतात, ती खरी नसावी, पण असंभव वाटत नाही.

अभ्यासाला समुद्रावर जाणं ही डहाणूची खास चैन. संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली, पारनाक्यापासून पार बोर्डीपर्यंत, दोघादोघांत एक पुस्तक घेऊन बसलेली मुलं दिसतात. सर्वच अभ्यास करत असतात असं नाही, पण पुस्तक असतं. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या दोघांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांवर एक प्रयोग केला होता. शब्दांची यादी काहींना किनाऱ्यावर पाठ करायला लावली, काहींना वीसेक फूट पाण्याखाली. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं आणि किनाऱ्यावर शिकलेलं किनाऱ्यावर. या हिशेबानं डहाणूच्या मुलांची परीक्षा वाळूत घ्यायला हवी, बसायला सुरूच्या पानांचा गालिचा आणि पर्यवेक्षकाच्या हाती भेळ. विद्यापीठ याला मान्यता देणार नाही. त्यापेक्षा सोपा उपाय एकाच जागेची सवय न लावण्याचा: एकदा किनारा, एकदा ओटा, एकदा लायब्ररी, एकदा चारोटी नाक्यावर गाडीची वाट बघत. आठवायला ठरावीक जागा लागत नाही, हे त्यातून शिकायला मिळतं.

हे सगळं नवीन मानसशास्त्र आहे असं समजणाऱ्यानं डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर एक चक्कर टाकावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष देत वेळ घालवला नाही. शाळाच कुरणात नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, आणि बाई तिथेच पानंफुलं, खडे मोजून घेताहेत. मुलाच्या दिवसात शिक्षणासाठी जागा कुठे रिकामी आहे ते बघून तिथे शिक्षण ठेवायचं. टेबललॅम्पची अट कुणी घातली नव्हती.

खुद्द अनुताईंचा अभ्यास हा तर या तालुक्यातल्या प्रत्येक केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, मुलानं ऐकावा असा. जन्म १९१०चा. लहानपणीच लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर शिक्षण, मग शिक्षिकेची नोकरी, आणि नोकरी सांभाळून पुण्यात रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक. मग कोसबाडचा सगळा व्याप, वारली पाड्यांवरची बालवाडी, सभा, हिशेब, पाहुणे. आणि त्या व्यापातून, डोळ्यांचा विकार असताना, १९६१ साली एसएनडीटीची बी.ए. वय ५१. म्हणजे मॅट्रिक आणि बी.ए. यांत चोवीस वर्षांचं अंतर. आजच्या भाषेत गॅप म्हणतात तो हा. अभ्यास पसरवून करावा हे तत्त्व इतकं ताणून कुणी सिद्ध केलं नसेल. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गुणपत्रिकेतले टक्के कुणी विचारले नसणार.

तिकडे तलासरीचं कॉलेज गोदावरी परुळेकरांच्या नावानं आहे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभं करणाऱ्या गोदूताईंनी १९४५च्या उठावाची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या नावाच्या कॉलेजात पहिल्या बाकावर झोप लागणं हे धाडसच. पण ती लागते, कारण रात्र ‘मारलेली’ असते.

नाईट मारणं हा विद्यार्थीजीवनातला सामूहिक सण. दहा वाजता सुरुवात, साडेदहाला चहा. अकरा वाजता एक जण म्हणतो, “दोन घटक तर आहेत, तीनपर्यंत उडवू.” बारा वाजता मॅगी. साडेबारा ते दीड हा काळ ‘कॉलेज सोडल्यावर काय करायचं’ या चर्चेत जातो आणि तीच खरं म्हणजे रात्रीची सर्वात गंभीर चर्चा. दोनला एक जण ‘दहा मिनिटं पडतो’ म्हणतो. त्याला उठवायला गेलेलाही पडतो. पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा एकटाच जागा असतो तो, ज्याला दुसऱ्या दिवशी पेपरच नसतो. तो सोबतीला आलेला असतो.

झोपलेल्यांचं फार चुकत नाही, ही यातली गमतीची बाब. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून कधी झोपवलं, कधी जागं ठेवलं. झोपेनंतर विसरणं कमी झालेलं दिसलं. दोनच विद्यार्थी घेऊन केलेला प्रयोग, पण नंतरच्या शंभर वर्षांत झोपेच्या बाजूचे पुरावे वाढतच गेले. तेव्हा मुद्दा तीनपर्यंत जागण्याचा नाही. अकरापर्यंत वाचून, एकदा न बघता लिहून, झोपण्याचा आहे. हे आईनं सांगितलं तर जुनाट वाटतं, म्हणून कॉर्नेलचं नाव घ्यावं लागतं.

एकदाच असं झालं की अभ्यासाच्या सर्व पद्धती एका बाजूला राहिल्या आणि नेटवर्क हीच विद्वत्ता ठरली. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या. त्याआधी सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये परीक्षा होणारच असा निकाल दिला होता, पण टॉवर कुठे लागेल याबद्दल काही म्हटलं नव्हतं. डोंगराकडच्या पाड्यावर रेंज ही विहिरीइतकीच ठरावीक जागेवर मिळते. कोणत्या आंब्याखाली दोन दांड्या येतात हे गुराख्यांना ठाऊक असायचं. त्या महिन्यात पदवी आणि गुराखी यांचं नातं फार वर्षांनी पुन्हा जवळ आलं.

उन्हाळ्याच्या सेमिस्टरची इथे खरी स्पर्धा आहे ती महालक्ष्मीच्या यात्रेशी. विवळवेढ्याची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते, पंधरवडाभर चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री उंच डोंगरावर ध्वज चढतो. महामार्गाला लागूनच यात्रा, त्यामुळे बसच्या खिडकीतून पाळणे दिसतात, आणि वर विद्यापीठाचा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी. जाणार नाही असं ठरवून घरी बसलेल्या मुलाला चार तासांत एक पानही चढत नाही, कारण त्याचं मन आकाशपाळण्यात असतं. दोन तास जाऊन, दर्शन घेऊन, भजी खाऊन आलेला मात्र उरलेल्या तासात बऱ्यापैकी लिहून काढतो. वेळापत्रकात यात्रेचा रकाना आधीच आखावा. रंग कोणताही चालेल. काही मुली देवीपुढे उभ्या राहून मनातल्या मनात घटक दोनचे मुद्दे म्हणतात. ही स्वपरीक्षाच झाली. शिवाय एखादा मुद्दा अडला तर समोर विचारायची सोय.

मग पेपर होतो. अडीच तास संपल्याची घंटा झाल्यावर कॉलेजबाहेरच्या टपरीवर जी चर्चा चालते तिच्याइतकी प्रामाणिक उजळणी संपूर्ण सत्रात झालेली नसते. पुस्तक कुणाच्या हातात नाही, प्रश्नपत्रिका मध्ये, आणि प्रत्येक जण आठवून आठवून सांगतोय. “तिसऱ्यात तू काय लिहिलंस?” “अरे तो अपवाद! सोनं!” आठवडाभर आधी झाली असती तर याच चर्चेनं पंधरा गुण मिळाले असते.

त्या घोळक्यात एक मुलगी असते. तिनं चार पुरवण्या घेतलेल्या असतात, शेवटची घंटा झाल्यावर तिच्या हातातून पेपर ओढून घ्यावा लागलेला असतो, आणि ती रडवेल्या आवाजात सांगत असते की तिचा पेपर फार वाईट गेला. बाकीचे तिला समजावतात. एक जण स्वतःच्या पैशानं कटिंग पाजतो. दुसरा म्हणतो, “एवढं काय मनाला लावून घेतेस, पास तर होशील.” निकाल लागतो तेव्हा तिला पंचाहत्तरपैकी अडुसष्ट असतात, आणि तिला धीर देणारे दोघंही ऑफिसच्या खिडकीशी केटीचा फॉर्म भरत उभे असतात.